एक पोतं कमी पडलं

आई, काल इथे बर्फ पडला आणि मी गाडीच्या चारही टायरांना हात लावून बघितला. हातमोजा काढून. तू शाळेच्या व्हॅनची फेरी संपवून आलीस की लावायचीस तसा, तळवा पसरून, आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तसा. तू म्हणायचीस, चारही तापले असतील तर ऊन हाय, एकच तापला असेल तर त्याची हवा कमी हाय. इथे चारही थंडगार. हात बधिर झाला. शेजारी उभा असलेला नेपाळी पोरगा हसला, "दाई, गाडी को बुखार है क्या?" दाई म्हणजे त्यांच्यात दादा. म्हटलं, गाडीला नाही, मला आहे.

तुला माहीत नाही, मी आता पोलंडमध्ये असतो. तू गेल्यावर मी थोडे दिवस रिक्षा चालवली, मग मीरा रोडला घरोघर पार्सलं टाकली, मग दुबईला गोदामात होतो, तिथूनही कंटाळून इकडे आलो. आठवीत शाळा सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस, याचं बूड एका बाकावर टेकत नाही, याला चाक लागणार. तसंच झालं. इथे एका मोठ्या अळंबीच्या कारखान्यात आपल्याकडची, नेपाळची माणसं काम करतात. मी त्यांना हॉस्टेलवरून कारखान्यात नेतो आणि परत आणतो. ड्रायव्हर धरून नऊ सीटची व्हॅन. म्हणजे तुझंच काम, फक्त पोरं मोठी आणि दप्तरांऐवजी डबे.

आधीचा ड्रायव्हर पंजाबी होता. थंडी सुरू होताना तो नोकरी सोडून ट्रकवर गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाजी, मालिक ने सस्ते टायर डाले हैं. बारा महीने वाले. बर्फ में पहले ही बोल देना, मैं नहीं चलाऊँगा." मी वाकून टायरच्या बाजूला लिहिलेलं नाव वाचलं आणि तिथेच उकिडवा बसून राहिलो. आई, तीच कंपनी, तुझ्या व्हॅनच्या टायरांची. जिचं नाव काशिमिऱ्याच्या टायरवाल्यालाही धड घेता येत नव्हतं, ती.

तुला ते टायर घातलेला दिवस आठवत असेल. त्याच्या आधी तुझ्या व्हॅनला रिमोल्डचे टायर होते, जुन्यावर नवं रबर चढवलेले. हायवेच्या पुलावर मागच्या डाव्या टायरचं वरचं रबर सोलून निघालं आणि फटाफट पत्र्यावर आपटायला लागलं. आत पूनम सागर सोसायटीची सगळी पोरं. त्यांना वाटलं फटाके वाजतायत, ती टाळ्या पिटत होती. तू गाडी कडेला घेतलीस, त्यांना गाणं म्हणायला लावलंस आणि बाहेर येऊन कठड्याला धरून उभी राहिलीस. मी तेव्हा पुढच्या सीटवर. काचेतून तुझी पाठ दिसत होती. ती हलत होती. परत आत आलीस तेव्हा डोळे कोरडे होते आणि तू म्हणालीस, "चला, कोणाचा आवाज सगळ्यात मोठा हाय?"

त्याच आठवड्यात तू नवे कोरे टायर घातलेस. मोठ्या कंपनीचे आपल्या आवाक्यात नव्हते आणि रिमोल्डला तू पुन्हा हात लावणार नव्हतीस. मधलं उरलं ते हे. शाळेच्या गेटसमोर व्हॅनवाल्यांचा अड्डा असायचा. तिथे तू एकटी बाई. त्या दिवशी सगळे तुझ्या गाडीभोवती जमले, जसं कुणी नवीन सून आणलीय.

"भाभी, ये टायर नहीं है, रबर का पापड है," नया नगरचे चाचा म्हणाले.

"पापड तर पापड. तळून बघते ना."

"मेरे साले ने डाला था. साइड से इतना बड़ा फुग्गा निकला."

"साल्याने गाडी फुटपाथवर चढवली असेल. तुमचाच साला."

सगळे हसले, चाचा पण. मग एक जण म्हणाला, आवाज फार करतात, कानात भुंगा बसल्यासारखा. दुसरा म्हणाला, लवकर झिजतात. उत्तनहून मासळीचा टेंपो घेऊन येणारे एक अंकल तिथे चहाला थांबायचे, गळ्यात क्रॉस, अंगाला कायम मासळीचा वास. ते एवढंच बोलले, "माज्या टेंपोला हायत. आवाज हाय. पन पान्यात धरतात." तू त्यांच्याकडे वळून विचारलंस, "उतारावर?" ते म्हणाले, "उतारावर तूच बग. माजी मासली मेलेलीच असते, तुजी पोरं जिती हायत."

मला ते वाक्य अजून ऐकू येतं. तुलाही लागलं असणार, कारण घरी आल्या आल्या तू पुन्हा टायरांपाशी वाकलीस. आणि टायरवर लिहिलेलं तू मला वाचायला लावलंस. मी अक्षरं जुळवत वाचलं, एम म्हणजे मड, चिखल, एस म्हणजे स्नो, बर्फ. दुकानदाराने तसं सांगितलं होतं. तू खो खो हसलीस. "बरफ? आपल्याकडे बरफ मासळीवर पडतो, तेवढाच."

पण अड्ड्यावरची बातमी पूनम सागरमध्ये पोहोचलीच. संध्याकाळी एका मुलीच्या आईचा फोन आला. शिकलेली, बँकेत कामाला जाणारी. तिच्या शब्दावर बाकीच्या चालायच्या. ती आवाज न चढवता बोलत होती, म्हणून जास्त भीती वाटली. पुलावरचं तिला कळलं होतं. ती म्हणाली, "ताई, तुमच्यावर राग नाही. पण आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, सोमवारपासून दुसरी व्हॅन बघू." तू म्हणालीस, "बघा. पण रविवारी सकाळी एकदा खाली या. गेटवर. मी गाडी घेऊन येते." ती पोरं गेली असती तर व्हॅन गेली असती. व्हॅन गेली असती तर आपण काय खाल्लं असतं ते तुला ठाऊक होतं. बाबांचं मिठागराचं काम तेव्हा बंदच होत आलेलं.

रविवारी तू मला लवकर उठवलंस. पाऊस सारखा लागून होता. जेसल पार्कच्या पलीकडच्या मिठागरावरून मामाने आणलेली मिठाची पोती आपल्या पडवीत छपरापर्यंत रचलेली होती. तू आणि बाबा एकेक पोतं उचलून व्हॅनमध्ये ठेवत होता. नुसती टाकत नव्हता, सीटवर बसवत होता, पाठ टेकून. दोन पोरं म्हणजे एक पोतं, असा तुझा हिशेब. एक पोतं घसरलं तर तू त्याला दरडावलंस, "नीट बस की." बाबा हसले. मग तू पुढचं दार उघडून मला म्हणालीस, "चढ."

बाबांचं हसू गेलं. "त्याला कशाला?"

"एक पोतं कमी पडलं," तू म्हणालीस.

बाबा तुझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता भांडतील. त्यांनी फक्त पुढे येऊन माझा बेल्ट ओढून बघितला. दोनदा.

आपण उत्तनच्या रस्त्याला लागलो. डोंगरीचा उतार ओला काळा चकचकीत. खाली वळण, वळणाला भिंत. तू वर गाडी थांबवलीस, पदर खोचलास, मला म्हणालीस, "घट्ट धर. आणि डोळे मिटायचे न्हाय. मला नंतर सांगायचं काय झालं." मग सोडलीस. मध्यावर आल्यावर तू सगळा जोर लावून ब्रेक दाबलास. मागची पोती धपकन पुढे आली, एक फुटलं, मीठ माझ्या मानेवर सांडलं. गाडी थोडी तिरकी झाली, हातभर सरकली, आणि मग, आई, तिने रस्ता धरला. मला ते बुडाखाली कळलं. जसं कुणीतरी खालून मूठ आवळली. भिंत अजून लांब होती. आपण वर जाऊन पुन्हा आलो, पुन्हा आलो. चौथ्या की पाचव्या वेळी तू हसत होतीस आणि मी ओरडत होतो, अजून एकदा.

तसेच आपण पूनम सागरच्या गेटवर गेलो. ती बँकेतली बाई छत्री घेऊन उभी होती, मागे आणखी दोघीतिघी. तू सांगितलंस, इतकं वजन घेऊन डोंगरीच्या उतारावर ब्रेक मारून आलेय, तुम्ही कोणी बसा, पुन्हा दाखवते. तिने सरकता दरवाजा उघडून आत बघितलं. पोती, सांडलेलं मीठ. मग ती पुढे आली आणि माझ्या बाजूचं दार उघडलं. मी केसातून मीठ झटकत होतो. तिने विचारलं, "तू पण होतास?" म्हटलं, हो, एक पोतं कमी पडलं म्हणून. ती तुझ्याकडे बघायला लागली. तिने माझं दार हळूच लावलं, बाळ झोपलेल्या खोलीचं लावतात तसं. कोणी गाडीत बसलं नाही. आणि सोमवारी तिची मुलगी नेहमीच्या जागी दप्तर घेऊन उभी होती, बाकीची पण.

मी मात्र कितीतरी वर्षं हेच धरून बसलो की मी पोत्याच्या जागी होतो. तू पण मग मला चिडवायचीस, ए पोत्या, जेवायला ये. मला राग यायचा. गाडीत जागा भरायची होती म्हणून मला नेलं, असं मी मित्रांनाही सांगायचो, हसून.

ते टायर, खरं सांगायचं तर, चाचांनी म्हटल्याप्रमाणे भुणभुणायचे. हायवेच्या काँक्रीटवर रेडिओ ऐकू यायचा नाही. पण त्यांनी तुला कधी पाडलं नाही. पाणी तुंबलेल्या गोल्डन नेस्टच्या चौकात नाही, खड्ड्यात नाही. चाचांनी स्वतः पुढच्या वर्षी तेच घातले आणि तुला म्हणाले, "पापड अच्छा है, भाभी." आणि तू गेलीस तेव्हा तुझ्या टायरांच्या रेषा अजून दिसत होत्या. व्हॅन घ्यायला आलेला माणूस आधी वाकून त्याच रेषांवर बोट फिरवत होता. मला वाटलं त्याचा हात झटकावा.

म्हणून आई, मी पंजाब्यासारखं "नहीं चलाऊँगा" म्हटलं नाही. पण मी लगेच चालवणार असंही म्हटलं नाही. इथल्या टायरवर त्या अक्षरांशेजारी एक डोंगर काढलाय आणि डोंगरात बर्फाची चांदणी. आपल्याकडच्यावर तो नव्हता. मालक बोट दाखवून म्हणाला, गुड, गुड. पण डोंगराचं चित्र काढायला कुणाचं काय जातं? हॉस्टेल आणि कारखान्यामध्ये जंगल आहे, जंगलातून उतार, उताराखाली तळं. आणि माझ्याबरोबर आठ माणसं बसणार. त्यातल्या एकाच्या बायकोचे तिकडे गावी दिवस भरत आलेत. रोज फोनवर तिला बघतो आणि आम्हा सगळ्यांना दाखवतो.

इथे रस्त्यावरचा बर्फ वितळायला मीठ टाकतात, तुला खोटं वाटेल. कारखान्याच्या आवारात त्याची पोती रचलेली असतात. मी एक फोडून जिभेला लावून बघितलं. कडवट आहे, करडं, वाळू मिसळलेलं. मामाने थुंकून टाकलं असतं. आज सुट्टी होती. नेपाळी पोराला घेऊन मी सकाळी पोती चढवली, एकेक सीटवर, पाठ टेकून. तो विचारत होता, "दाई, ये लोग भी ड्यूटी जाएँगे?" सगळ्या सीट भरल्या, माझ्या शेजारची सोडून. तो दार उघडून चढायला लागला. म्हणाला, मैं बैठता हूँ, वजन बराबर हो जाएगा.

मी त्याला उतरवलं. आणि तेव्हा, त्याचा पाय पायरीवर असताना, मला आपली पडवी दिसली. छपरापर्यंत पोती. तू मला का घेतलंस आणि बाबांनी बेल्ट दोनदा का ओढला आणि त्या बाईने दार का हळू लावलं, सगळं एकदम. दुसऱ्यांची पोरं घेऊन तू रोज त्याच टायरांवर जाणार होतीस, म्हणून आधी आपलं पोर बसवलंस. मला ते अजून पूर्ण पटत नाही, आई. मला उद्या पोरगं झालं तर मी त्याला तसा बसवीन का, माहीत नाही. पण इतकं सरळ माणूस मी पुन्हा बघितलं नाही.

उतारावर मी डोळे उघडे ठेवले. सांगायचं होतं ना काय झालं. जास्त सरकली, डोंगरीपेक्षा बरीच जास्त. मग खालून तीच मूठ. पुन्हा वर गेलो, हळू आलो, अजून हळू. किती हळू यायचं आणि ब्रेक किती आधी दाबायचा ते कळेपर्यंत आलो. तळं लांबच राहिलं. सोमवारी मी त्यांना नेतोय. भुणभुण मात्र इथेही तशीच आहे. बर्फात जरा कमी ऐकू येते.

हा कागद मी त्या रिकाम्या सीटखाली ठेवतोय, दुसरीकडे कुठे ठेवणार. पोरगा विचारत होता, ती सीट रिकामी का ठेवली. मी सांगितलं, एक पोतं कमी पडलं. पण आवारात पोती भरपूर होती, आई, आपल्या पडवीत होती तशीच.