बंडीच्या खिशातली किल्ली

आप्पा, तुमची नात गाडी शिकायला लागली. पंधरा वर्षांची झाली, आणि इथे या वयात पोरांना परमिट मिळतं, शेजारी मोठं माणूस बसवून चालवायची. गेल्या शनिवारी तिला शिकवणारे गृहस्थ आपली गाडी घेऊन दारात आले आणि तिने तिथे जे केलं, त्यामुळे हे लिहायला बसले आहे. पण ते सांगण्याआधी मला त्या बोटीवर जायला हवं. त्या बोटीबद्दल आपण दोघं नंतर कधीच बोललो नाही. तुम्ही बोलला नाहीत म्हणून मी सुटले, असं मला सात वर्षं वाटत होतं.

दोन हजार एकचा ऑगस्ट होता. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि मी हट्टाने तुम्हाला इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला, बोलावून घेतलं होतं. पहिल्या आठवड्यातच तुम्ही कंटाळलात. दिवसभर पुढच्या खिडकीशी खुर्ची ओढून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायचात. "सगळ्यांचे हॉर्न मोडलेत का गं?" असं एकदा विचारलंत, आणि तुमचे जावई इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मग त्यांनीच ठरवलं, आप्पांना कॅम्पिंगला न्यायचं, तेही गाडीसकट बोटीने मिशिगन तलाव ओलांडून, पलीकडे विस्कॉन्सिनच्या जंगलात. तंबू आणला, फुगवायच्या गाद्या आणल्या, घडीचा स्टोव्ह आणला. तुम्ही तो सगळा पसारा न्याहाळून म्हणालात, "म्हणजे रस्त्याकडेला चूल मांडून जेवायचं आणि उघड्यावर झोपायचं. हे तर मी पोटासाठी करायचो पोरी. तुम्ही रजा टाकून करता होय?"

एकतीस वर्षं तुम्ही दूध संघाचा टँकर चालवलात. संध्याकाळी भरायचा, कसारा घाट उतरायचा, पहाटेच्या आत मुंबई. तुमचं दूध कधी नासलं नाही आणि तुमच्या हातून रस्त्यात कुत्रंही मेलं नाही, हे आख्ख्या तालुक्याला माहीत होतं. मला लहानपणी त्याचा केवढा तोरा असायचा! टँकर घरापाशी थांबला की मी केबिनमध्ये चढून बसायची. तुम्ही आधी गाडीभोवती एक फेरी मारायचात, प्रत्येक टायरवर मूठ आपटून आवाज ऐकायचात, मग चढून स्टिअरिंगला हात लावून तो हात कपाळाला. आणि उतरलात की काहीही होवो, किल्ली काढून बंडीच्या आतल्या खिशात. चहाच्या टपरीवर दोन मिनिटं थांबलात तरी. "गाडी चोरीला गेली तर संघ दुसरी घेईल," तुम्ही म्हणायचात, "पण आतलं दूध कुणाच्या तरी लेकराचं असतंय."

तर त्या दिवशी पहाटे निघून आम्ही सकाळी धक्क्यावर पोचतो. बोट म्हणजे चार मजली इमारत पाण्यावर ठेवलेली. तुम्ही गाडीच्या काचेला नाक लावून बघता आहात. पद्धत अशी की गाडी रांगेत उभी करायची, किल्ली आतच ठेवायची आणि आपण जिन्याने वर जायचं. गाड्या बोटीत चढवायचं काम त्यांची माणसं करतात. तुमच्या जावयांनी हे इंग्रजीत ऐकलं, मीही ऐकलं, आणि तुम्हाला सांगायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पोरगी बाथरूमला जायचं म्हणून नाचत होती. आम्ही तिघं पुढे धावलो, तुम्ही मागून सावकाश उतरलात. वर येऊन कठड्याला टेकलात, तलाव पाहिलात आणि विचारलंत, "खारं का?" मी म्हटलं, नाही, गोडं. तुम्ही पाण्याकडे पाठ करून उभे राहिलात. दुष्काळी गावच्या माणसाला एवढं गोडं पाणी एका जागी बघणं सोसत नाही बहुतेक.

तेवढ्यात कर्ण्यावरून आमच्या गाडीचा नंबर ओरडला. पुन्हा ओरडला. तुमचे जावई खाली गेले आणि परत आले ते गाड्या चढवणाऱ्या एका बाईला घेऊन. पन्नाशीची, नारिंगी जाकीट, हात कमरेवर. गाडीत किल्ली नव्हती, आमची गाडी रांगेत सगळ्यांत पुढे, आणि मागच्या सगळ्या गाड्या अडकून पडलेल्या. आम्ही दोघं एकमेकांवर खेकसतो आहोत, पर्स उलटी करतो आहोत, आणि तुम्ही शांतपणे सदऱ्याची वरची बटणं सोडून बंडीच्या खिशातून किल्ली काढलीत. "गाडीतच राहिली होती. मी घेतली काढून." एवढ्यावर भागलं असतं. पण तुम्ही ती लगेच दिलीही नाहीत. मला म्हणालात, "विचार तिला, घाटात चालवलीय का कधी?"

आजूबाजूचे लोक बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "आप्पा, द्या ती किल्ली. इथे तुमची ड्रायव्हरकी नको."

तुम्ही किल्ली त्या बाईच्या हातावर ठेवलीत, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी. मग कठड्यावरून वाकून खाली बघत राहिलात. तिने आमची गाडी वळवली आणि उलटी, न थांबता, एका दमात बोटीच्या पोटात घातली. तुम्ही माझं बोलणं विसरल्यासारखे वळून म्हणालात, "बाई पक्की आहे." तिच्या कौतुकात तुम्ही माझा अपमान गिळलात, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी थर्मासमधून चहा ओतायला लागले.

बोट निघाल्यावर एक वयस्कर जोडपं आमच्या बाकाशी आलं. मराठी कानावर पडलं म्हणून आले. नेपरव्हिलचे डॉक्टरकाका आणि काकू. तीस वर्षांपूर्वी आलेले, आता निवृत्त. काका हसत म्हणाले, "अहो, तुम्हीच का ते किल्लीवाले? पूर्ण बोट लेट केलीत की!" काकू तुमच्याशेजारी बसल्या. "पण किल्ली काढलीत कशाला?"

तुम्ही खुलून सांगायला लागलात, "सवय हो. एकतीस वर्षं मी..."

"आप्पा दूध संघात होते," मी मध्येच म्हणाले. "ट्रान्सपोर्ट मॅनेजर. सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडेच जमा व्हायच्या, त्यामुळे ती सवय."

हे मला त्या क्षणी सुचलं असं म्हणायची सोय नाही. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांचे वडील प्रोफेसर, इंजिनियर, बँकेत साहेब. गणपतीत, हळदीकुंकवात कुणी विचारलं की मी "दूध संघात होते" एवढंच म्हणून पुढे सरकायची. मॅनेजर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा केलं, तेही तुमच्या तोंडावर. मला तुमची लाज वाटत होती, आप्पा. दुसरा सभ्य शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही, टायरवर मूठ मारून आवाज ऐकायचात ना, तसं काहीतरी. मग काकूंकडे वळून म्हणालात, "हां. चाव्या माझ्याकडंच असायच्या."

आणि पुढचे चार तास तुम्ही माझ्यासाठी मॅनेजर झालात. काका विचारत होते, तुम्ही उत्तरं देत होता: किती गावांतून दूध यायचं, फॅट कसं मोजायचे, उन्हाळ्यात बर्फ कुठून आणायचा. एक शब्द चुकला नाही, कारण ते सगळं तुम्हाला कुठल्याही मॅनेजरपेक्षा जास्त माहीत होतं. मला जरा हायसं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात काका म्हणाले, "पण ड्रायव्हर लोकांवर लक्ष ठेवावं लागत असेल तुम्हाला. दूध काढून पाणी घालतात म्हणे रस्त्यात."

"घालतात काहीजण," तुम्ही म्हणालात. "पण आमच्याकडं एक होता. एकतीस वर्षं टँकर चालवला. थेंब नाही घातला."

"असा माणूस मिळत नाही हो आता," काकू म्हणाल्या.

"मग त्याला काही बक्षीस वगैरे दिलंत की नाही संघाकडून?" काकांनी विचारलं.

तुम्ही पाण्याकडे बघत होता. "त्याची पोरगी शिकून अमेरिकेला गेली," तुम्ही म्हणालात. "आणि काय पाहिजे."

"हो का! इथे? कुठे असते ती?" काकू एकदम उत्साहाने.

"असते कुठंतरी."

मी तिथेच बसले होते. थर्मासचं झाकण हातात होतं. तेवढं बोलून टाकायला ती जागा पुरे होती. मीच ती, एवढे दोनच शब्द. मी काकूंना विचारलं, अजून चहा हवा का. त्यांनी हो म्हटलं, मी दिला, मग आम्ही फोन नंबर लिहून घेतले.

कॅम्पवरचे तीन दिवस छान गेले. मला ते आठवायलाही आवडतात आणि त्यांचा रागही येतो. तुमच्या जावयांना तंबू उभा करता येईना. तुम्ही पाहिलंत, दोन खुंट्या उपटून वाऱ्याच्या बाजूला ठोकल्यात आणि तंबू उभा राहिला. घडीच्या स्टोव्हवर तुम्ही पिठलं केलंत, तेही असं की शेजारच्या तंबूतली माणसं ताटली घेऊन आली. रोज सकाळी नातीचं बोट धरून गाडीभोवती फेरी मारायचात, आणि ती इवल्या मुठीने टायर ठोकायची. शेवटच्या दिवशी रिकाम्या आतल्या रस्त्याकडे बघून म्हणालात, "एक चक्कर मारू का गं? सेकंड गिअरच्या वर नाही जायचो." मी म्हटलं, आप्पा, या गाडीला गिअर नसतात, आणि तुमच्या लायसनची मुदतही संपलीये. पुढच्या वेळी बघू. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. रोज घोकलं होतं की आज बोटीवरचं बोलायचं, माफी मागायची. तुम्ही चेहरा असा ठेवलात की जणू काही घडलंच नाही, आणि मी त्या चेहऱ्याआड लपले. ऑक्टोबरात तुम्ही परत गेलात. त्यापुढच्या उन्हाळ्यात गेलात ते कायमचेच. पुढची वेळ आली नाही.

बातमी कळल्यावर नेपरव्हिलच्या काकूंचा फोन आला होता. "फार मोठा माणूस," त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या संघाचा मॅनेजर, पण बोलणं किती साधं. हाताखालच्या ड्रायव्हरचं कौतुक करत होते, आठवतंय?" मी हो म्हणाले. तुम्ही गेल्यावरसुद्धा मी तुम्हाला त्या खुर्चीवरून उतरू दिलं नाही. किल्लीचा किस्सा मात्र मी दर पार्टीत सांगते. लोक पोट धरून हसतात. बाईने गाडी आत घातली, तिथे मी तो थांबवते.

आता शनिवारचं सांगते. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी दार उघडून धरलं, आणि तुमची नात आत न बसता गाडीभोवती निघाली. प्रत्येक टायरवर मूठ. मग बसली, स्टिअरिंगला हात लावला, कपाळाला लावला. गृहस्थांनी हसून विचारलं, हे कोणी शिकवलं? ती म्हणाली, "माय ग्रँडफादर. ही ड्रोव्ह अ मिल्क ट्रक."

मी पायरीवर उभी होते. माझ्या तोंडून मराठीच बाहेर पडलं, "तुला कोणी सांगितलं?"

"आजोबांनी. ॲट द कॅम्पग्राउंड, ममा. आय वॉज एट." मग माझा चेहरा बघून जरा हळू, "म्हणाले, आईला नको सांगू, तिला वाईट वाटेल. सो आय डिडन्ट."

म्हणजे सात वर्षं माझ्या घरात ते सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही आठ वर्षांच्या पोरीला खरं सांगून गेलात, आणि तिला माझी काळजी घ्यायला सांगून गेलात. मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला आणि इतकी आठवण आली की पायरीवरच बसले. ते गृहस्थ माझ्याकडे बघत होते. "मिल्क ट्रक? इज दॅट राइट?"

"येस," मी म्हणाले. "थर्टी-वन इयर्स."

"देन शी'ल बी फाइन," ते म्हणाले, आणि गाडी हळूहळू कोपऱ्यावरून वळली. ती सिग्नल द्यायला विसरली नाही. परत आली तेव्हा उतरताना किल्ली काढून जीन्सच्या खिशात टाकली. त्यांना ती मागून घ्यावी लागली.

तेव्हापासून मला वाटतंय की मी सुटले, सांगून टाकलं. पण तुमच्याशी खोटं बोलून झालंय ते पुरे. ते मी इंग्रजीत सांगितलं, आप्पा, एका अमेरिकन माणसाला, ज्याला ड्रायव्हर म्हणजे फक्त ड्रायव्हर वाटतो. मराठीत अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज काकूंचा नंबर दोनदा फिरवला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. माझे वडील टँकरवर ड्रायव्हर होते, हे मराठीत मी पहिल्यांदा या कागदावर लिहिते आहे, आणि हाही घडी करून आतल्या खिशातच ठेवणार आहे.