गोलघुमटातली हाक

विजापूर, शनिवार

प्रिय वन्संना वहिनीचा नमस्कार,

आम्ही सगळे सुखरूप आहोत. फोनच केला असता, पण तुमचे दादा शेजारीच बसलेत, म्हणून हॉटेलच्या कागदावर लिहितेय. तिकडे आपल्या जेसल पार्कात उकाडा कसा आहे? तुमचा गुडघा? आमच्या तुळशीला पाणी घालताय ना?

सकाळी यतीन आणि सूनबाईंनी गोलघुमट दाखवला. हे न कुरकुरता सगळे जिने चढले. वरच्या सज्जात एक हाक मारली की ती सात वेळा परत येते, त्यामुळे जो तो ओरडत होता.

तेवढ्यात हे गर्दीतून चालत पार समोरच्या बाजूला गेले. मी "अहो!" म्हटलं. सात वेळा अहो घुमलं, चार परके नवरे वळले, हे नाहीत. शेवटी घाबरून मी नाव घेतलं, "सुभाष!" एकेचाळीस वर्षांत उखाण्याबाहेर पहिल्यांदाच. यतीन हसायला लागला, "आई, कमाल केलीस!"

मी धावत ह्यांच्यापाशी पोचले. तर मला अगदी अदबीनं विचारतात, "बाई, तुमचं कोणी हरवलंय का?"

खाली उतरेपर्यंत पुन्हा नेहमीसारखे. चहात साखर कमी म्हणून माझ्यावर चिडलेसुद्धा. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! यतीनला काही बोलले नाही. वयानं होतं असं, तुम्हीच म्हणता ना?

मंगळवारी घरी पोचतोय. तुम्ही आलात की नेहमी मागून दादांचे डोळे झाकता आणि "ओळख कोण" म्हणता. तेवढं या वेळी करू नका.

तुमची
मृणालिनीवहिनी