जाम झालेली व्हॅन

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे.

हात तिसऱ्यांदा साबणाने धुऊन लिहायला बसलो. नखांतले काळे निघत नाही.

आज नांदेडला जाऊन व्हॅन पाहिली. २०१४ ची, पांढरी. मालक किशनराव. त्यांच्या अंगणात लिंबाखाली दोन वर्षे उभी आहे. इंजिन जाम. किंमत तीस हजार. भंगारवाला सव्वीस देतो म्हणतो. अट एकच — घेण्याआधी इंजिनला पाना लावायचा नाही. "जशी हाय तशी. मागून रडत यायचं न्हाई."

मग सीट उचलून खालचे इंजिन नुसते पाहिले. रेडिएटर कोरडा. म्हणजे पाण्याविना पळाली, म्हणजे आतून जळाली. पण ऑइलची पट्टी काढून नाकाशी धरली, तर जळका वास नाही! एसटीत पूर्ण रस्ता हेच डोक्यात. जळाली असेल तर दुसरे इंजिन बसवायला निदान पंचवीस हजार. माझ्याकडे सगळे मिळून एक्केचाळीस. शेषेराव सेठची शाळेची गाडी चार वर्षे चालवून साठवलेले, स्वतःची गाडी घेऊन धंदा करायला. नाक चुकले तर तेही गेले, आणि मी जन्मभर सेठचा ड्रायव्हर.

तिथे चहा देताना किशनरावांच्या पत्नी कस्तुराबाई हळूच म्हणाल्या, गाडी आमच्या सुदर्शनच्या हातात बंद पडली. बाप म्हणाला, तूच इंजिन जाळलंस. पोरगा काही न बोलता हैदराबादला गेला, दोन वर्षांत उंबरा चढला नाही. किशनराव बाहेरूनच म्हणाले, "त्याचं नाव कशाला काढायलीस?" बाईंनी कप उचलले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

घरी अप्पांना सांगितले. पेपरातून डोके वर न काढता विचारले, "मेलेली म्हैस विकत आणतंय का कुणी?" आई हसली. मीही हसलो. पण झोंबले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मलप्पा मिस्त्रींकडे गेलो. ते निलंग्याकडचे, मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. न उघडता सांगता येत नाही म्हणाले. वासाचे सांगितले. "म्हंजे नाकावर एवढा पैसा लावतोस का तम्मा?"

गुरुवार, ६ फेब्रुवारी

लावतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आणली. टेम्पोत चढवून, भाडे साडेचार हजार! किशनरावांना पंचवीस दिले, उरलेले पाच हजार कागद झाल्यावर. गल्ली गोळा झाली. शेजारचे शिवप्पा काका म्हणाले, कोंबड्यांची चांगली सोय केलीस सोमेश.

दुपारी मलप्पांनी प्लग काढले आणि तिन्ही भोकांतून डिझेल-ऑइल मिसळून ओतले. आत मुरू द्यायचे. गंज असेल तर सुटेल. जळाली असेल तर काही उपयोग नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

इंजिन हाताने फिरते का पाहायला खालच्या पुलीच्या नटाला पाना लावला. हलत नाही. मी अंगाचा सगळा भार टाकला. हलत नाही. मलप्पा म्हणाले, उद्या पान्याला लांब पाईप घालून जोर लावू, फिरली तर फिरली, मोडली तर मोडली.



सोमवार, १० फेब्रुवारी

अप्पा आडवे आले! आमच्यात सोमवारी बैल जुंपत नाहीत, महादेवाचा वार. अप्पा म्हणाले, गाडीच्या मानेवरही आज जू ठेवायचे नाही. मलप्पा पाईप खांद्यावर घेऊन उभे. "अप्पा, इंजिनाला कुठला आलाय सोमवार?"

"बैलाला तरी कुठं कळतोय? आपल्याला कळतो न्हवं."

मलप्पा पाईप घेऊन परत गेले. अप्पांनीच मेलेली म्हैस म्हणायचे आणि तिलाच सुट्टी द्यायची!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फिरली! पाईप लागलाच नाही. नुसत्या पान्याने, माझ्या हाताने. आधी बोटभर सरकली, मग अडली, मागे-पुढे करत करत पूर्ण फेरा. मलप्पा म्हणाले, काल जोर केला असता तर आतल्या रिंगा तुटल्या असत्या.

अप्पांना जाऊन सांगितले. "हं," म्हणाले. मग देवघरातून विभूती आणून समोरच्या काचेवर तीन बोटे ओढली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चालू झाली. नवी बॅटरी, नवे प्लग, नवे ऑइल. रेडिएटरचा खालचा पाईप चिरलेला निघाला, तोही बदलला. आधी गल्लीभर पांढरा धूर — ओतलेले डिझेल जळत होते — मग एकदम स्वच्छ. शिवप्पा काकांना शेजारी बसवून चौकापर्यंत नेऊन आणले. कोंबड्यांच्या सोयीत ऐटीत बसले होते. सेठना सांगितले, पुढच्या महिन्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा. मेलेली गाडी मी उठवली!

मलप्पा मात्र कान लावून बराच वेळ ऐकत होते. म्हणाले, "ही जळलेलीच न्हवती तम्मा. पाईप फुटला, पाणी गेलं. ज्याच्या हातात होती त्यानं गरमीचा काटा चढताच जाग्यावर बंद केली. कोसभर जरी वढली असती तर तुझ्या अप्पाच्या धा सोमवारांनी फिरली नसती. जाम झाली ती उभं राहून, गंजून."

शनिवार, १५ फेब्रुवारी

किशनरावांना फोन करावा का? करून मला काय मिळणार? म्हणतील, चांगली गाडी स्वस्तात नेलीस, वरचे पैसे टाक. दिवसभर फोन खिशातून काढला, परत ठेवला.

संध्याकाळी केला. मलप्पा जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितले. किशनरावांनी मग विचारले, "तो फुटका पाईप फेकलास का?" नाही म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

रविवार, २३ फेब्रुवारी

किशनराव आले. सोबत सुदर्शन, हैदराबादहून बोलावून घेतलेला. किशनरावांनी फुटका पाईप हातात घेतला, चिरेवरून अंगठा फिरवला. कागदांवर सह्या झाल्या. मी उरलेले पाच हजार पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला.

"त्याच्या हातात दे. गाडी त्यानं वाचवली."

सुदर्शनने नोटा मोजल्या नाहीत. मी त्याला किल्ली दिली, म्हणालो एक चक्कर मारून या. किशनराव त्याच्या शेजारच्या सीटवर बसले. माझी गाडी, आणि मी दारात उभा राहून तिला जाताना पाहत होतो. अर्ध्या तासाने आले.

खर्च — गाडी ३०,०००. टेम्पो ४,५००. बॅटरी २,९००. ऑइल, प्लग, पाईप १,८५०. कागद १,५००. एकूण ४०,७५०.
शिल्लक — २५०.
देणे — मलप्पा मिस्त्री, मजुरी ३,०००. सुदर्शन, जे पैशात बसत नाही ते.