सहा वाजताची मेल

मंगळवार, अ‍ॅशबर्न

जुन्या सर्व्हरला आता सिक्युरिटी पॅच मिळत नाहीत. अपग्रेड करायचं का, ते मी आज ठरवायचं होतं. मॅनेजर नेहाला म्हटलं, "स्टेबल आहे, हात नको लावूया."

"पॅचसाठी सगळ्यांच्या मागे लागणारी तू, यार, असं म्हणतेस?"

खरं कारण सांगितलं नाही. सर्व्हर आमच्या टीममधल्या सीनियर जोशीकाकांनी उभा केलेला. त्यात माझ्यासाठी त्यांनी लिहिलेली एक स्क्रिप्ट आहे, आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम. रोज सहाला त्यांच्या नावाने मेल येते: "पोरी, घरी जा." काका वारले त्याला आठ महिने झाले. मेल अजून येते.

अपग्रेडमध्ये स्क्रिप्ट पुसली जाईल; नव्या सिस्टिमवर कॉपी करता येईल. पण मग पाठवणारी मीच ना?

आज सहाला पहिल्यांदाच उत्तर दिलं. "निघते, काका." लगेच परत आलं: असा पत्ता अस्तित्वात नाही.

नेहाला अपग्रेडचा होकार कळवला. स्क्रिप्ट कॉपी करणार नाही. तरी सातपर्यंत खुर्चीतून उठले नाही.