तेल नको, जोर नको

४ मार्च १९९७
साखरबाईला घेऊन बारामतीला. कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून अंगातलं पाणी उजव्या हातात साचतं. हात दुधी भोपळ्याएवढा. ब्लाउज चढत नाही, साडीवर माझा शर्ट घालून वावरते. ११ मेला आमच्या लेकीचं, स्वप्नालीचं लग्न. काल म्हणाली, "मांडवात काय तुमचा शर्ट घालून उभी ऱ्हाऊ? मी घरातच बसते."

दवाखान्यातल्या प्रियदर्शनी मॅडमनी लिंफॅटिक मसाज दाखवला. आधी मान, मग खांदा, मग दंड, पंजा शेवटी. पाणी वर सरकवायचं. तेल नको, जोर नको, नुसती कातडी हलली पाहिजे. मॅडम वयाने पोरगी, हुशार आहे, पण धूळ झटकल्यासारखं करते. मी तालमीत पैलवानांच्या मांड्या रगडल्यात.

संकल्प : पाडव्याला ब्लाउज.

६ मार्च
सुरुवात. तेलाशिवाय मालिश ही कल्पनाच पटेना, म्हणून तेल घेतलं. मनगटापासून वर रगडत नेलं. मानेत वेळ घालवला नाही. साखरबाईने पदर दातात धरला. म्हणजे लागू पडतंय.

११ मार्च
सूज जरा जास्त. मुरलेलं पाणी सुटत असणार. "जरा हळू," म्हणाली. बायकांना दम नसतो. लोणी देवकरच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत सोबतच्यांना सगळी पद्धत समजावली, दोघांनी लगेच गुडघे दाखवले. रिटायर झाल्यावर जळोचीत सेंटर काढायला हरकत नाही.

१४ मार्च
रगडताना अंगठ्याचं नख लागलं. किरकोळ.

१६ मार्च, सकाळ
हात लाल. गरम. रक्ताभिसरण वाढलं.

दुपार
साखरबाईला हुडहुडी. गोधड्यांवर गोधड्या, तरी दात वाजतात. रक्ताभिसरणाने थंडी वाजत नसावी. शेजारच्या संभाजीला जीप काढायला लावली.

१७ मार्च, बारामती
नखाच्या ओरखड्यातून जंतू गेले. अशा हाताला तेवढंही पुरतं म्हणे. सलाईन, इंजेक्शनं. लाली जाईपर्यंत मसाज बंद. मॅडमनी विचारलं, हाताला एवढं कोण रगडत होतं? मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. साखरबाई म्हणाली, "मीच रगडत हुते."

फार भीती वाटली. वाचणारं कुणी नाही, म्हणून लिहितो.

९ एप्रिल
काल पाडवा झाला. ब्लाउज नाही. मात्र मॅडमच्या परवानगीने आता स्वप्नाली मसाज करते, वरून पट्टी बांधते. हात उतरतोय. पाया माझ्या मालिशने घातला, हे विसरता कामा नये.

११ मे
ब्लाउज चढला! शिंप्याने बाही सैल ठेवली होती, पण चढला. साखरबाई मांडवात सगळ्यांच्या पुढे. व्याह्यांनी विचारलं, सूज कशी काय उतरली? मी घसा साफ केला, तेवढ्यात ती म्हणाली, "ह्यांनी हात लावायचा सोडला, तवा उतरली." मांडव हसला. मीही हसलो. इलाज नव्हता.

१२ मे
स्वप्नाली सासरी, इंदापूरला. घर खायला उठलंय. मसाज आता कोण करणार, हा विषय दोघांनीही टाळला. संध्याकाळी साखरबाईनेच पाट सरकवला. आधी नखं दाखवायला लावली. मग म्हणाली, "ल्हानपणी मेंढरामागं हिंडलाय न्हवं? कोकराच्या कानावरनं फिरवायचा तसा हात फिरवा."

मानेपासून सुरुवात केली. तेल नाही. तिला झोप लागली. झोपच आहे ना, म्हणून श्वास तपासला. पुन्हा तपासला.

उद्या थोडा जोर लावून... नको.