एकाच दिवशीची दोन पत्रं

बुधवार, ऑगस्ट २०२१, गुंगालिन, कॅनबेरा. लॉकडाऊन चालूच.

मुग्धा असं करेल? मुग्धा?

युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघी घरून जुन्या अमेरिकन पुढाऱ्यांची पत्रं टाइप करतो. सरकारी एका फोल्डरमध्ये, खाजगी दुसऱ्यात. मागच्या आठवड्यात एक महाशय सापडले. सेनापतीला सरकारी पत्रात "आपला आज्ञाधारक सेवक", आणि त्याच दिवशी बायकोला लिहितात, हा माणूस निव्वळ गाढव आहे. फोनवर आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

आज झूमवर बॉस अगदी सहज म्हणाला, "केतकी, तुझे तास कमी करतोय. मुग्धानेच सुचवलं, तुझा नवरा आयटीत आहे म्हणून." मुग्धाने पटकन कॅमेरा बंद केला. आणि तास कापणार अशी कुणकुण लागली तेव्हा कालच मला म्हणाली होती, "काळजी करू नकोस गं, मी बोलते बॉसशी." बोललीच की!

काळजी करू नकोस म्हणे.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, "रागावलीस का?" मी लगेच लिहिलं, "छे गं, नो वरीज," आणि वर एक हार्टही पाठवलं.

ते झालं सरकारी. खाजगी इथे लिहिते: मुग्धा, तुझं तोंडही बघायचं नाही मला.

उद्या सकाळी झूमवर तिला हसून गुड मॉर्निंग म्हणेन.