पद्मजाच्या झडपेचा मुहूर्त

२९ ऑगस्ट
संभाजीनगरहून आत्ताच जिंतूरला परतलो. पद्मजाच्या हृदयाची झडप अरुंद झालीय. डॉक्टर म्हणाले, याच आठवड्यात छाती उघडून नवी बसवू; रिस्क आहे, पण थांबण्यात जास्त. मी शांतपणे ऐकलं. दोनदा पाणी मागितलं, ते उकाड्यामुळं. घरात गणपती, परवा गौरी. अख्ख्या तालुक्याला मुहूर्त काढून देणारा माणूस मी; घरच्या बाईला कसंही टेबलावर झोपवीन होय? विसर्जन झालं की नक्की.

९ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. यात छाती उघडायची म्हणजे काय! मैत्रेयी पुण्याहून फोनवर चिडली, बाबा, तुम्ही भिताय. पोरगी शिकली, पण शास्त्र कळत नाही तिला.
संध्याकाळी गल्लीतला भुजंग आला. त्याच्या आईला, चतुराबाईला, बायपास सांगितलंय. म्हणे, गुरुजी, पितरपाटात न्यावं का न्हाई, लय भ्याव वाटायलंय. झापला त्याला. म्हटलं, येड्या, दवाखान्याला कुठं मुहूर्त असतो? उद्या पहिल्या एसटीनं ने. काय ठाम बोललो! पद्मजा आतून ऐकत होती.

२ ऑक्टोबर, दसरा
साडेतीन मुहूर्तांतला एक. पण आज डॉक्टर सुट्टीवर. त्याआधी घरात घट बसलेले. माझा काय दोष?

१४ ऑक्टोबर
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. आता छाती न फाडता मांडीच्या नसेतून झडप बसवतात. सायन्स कुठल्या कुठं गेलं! मग कापाकापी कशाला? दिवाळी झाली की चौकशी करतो. पद्मजा जिना चढताना मधेच बसली. फराळानं दमलीय.

६ नोव्हेंबर
चतुराबाई सीताफळं घेऊन आल्या. स्वतःच्या पायांनी. भुजंग पाया पडून म्हणाला, गुरुजी, तुमच्यामुळं माय वाचली. आशीर्वाद दिला. पद्मजाला चहाला उठवेना, तो चतुराबाईंनीच केला. जाताना तिला म्हणाल्या, बाई, तुमी कवा जाणार? पद्मजानं माझ्याकडं पाहिलं. मी पंचांग उघडलं. मार्गशीर्षात चांगला दिवस आहे.

२४ नोव्हेंबर, दवाखाना
पहाटे तिला आडवं होता येईना. गाडी केली. तिथी पाहिलीच नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत पाणी झालंय, हृदयात ताकद उरली नाही. आता छाती उघडता येणार नाही, मांडीतूनही जमणार नाही. औषधांवर जितकं निघेल तितकं. मी विचारलं, मग चांगला दिवस कोणता होता? म्हणाले, गुरुजी, तुम्ही पहिल्यांदा आलात तो.
पद्मजाला सांगताना मला रडू आवरेना. तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायली. म्हणाली, तुमी भ्यालात ते पहिल्या दिवशीच कळलं होतं मला, म्हणून मीही नेट लावला नाही.

३० नोव्हेंबर
घरी आणलंय. सकाळी पायांवर ऊन घेत बसली होती. म्हणाली, अहो, आजचा दिवस कसा आहे?
पंचांग हाताशीच होतं. न उघडता म्हटलं, चांगला आहे.